चीनच्या रॉकेटची बातमी कशी वाचायची: वेळ, धूर, पडलेले तुकडे आणि चंद्रावरची माती

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढी उतरवून झाली होती, श्रीखंड-पुरीचं जेवण अंगावर आलं होतं म्हणून आम्ही सगळे नागपुरात गच्चीवर जाऊन बसलो होतो आणि पावणेआठच्या आसपास आकाशात एक पेटता पट्टा सरकताना दिसला. एक नाही, चार-पाच ठिणग्या एकामागे एक, सगळ्या एकाच रेषेत, आणि इतक्या सावकाश की मला फोन काढून व्हिडिओ घ्यायला वेळ मिळाला. मी लगेच ग्रुपवर "उल्कापात" म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात साधारण तीन मीटर व्यासाची धातूची रिंग पडली, आजूबाजूच्या गावांत गोळे सापडले. हार्वर्डचे जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचा हिशोब लावून सांगितलं की फेब्रुवारी २०२१ मधे उडालेल्या चिनी लाँग मार्च-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा खाली येत होता, तोच हा असणार. त्या दिवसापासून मी चीनचा अंतराळ कार्यक्रम नियमित फॉलो करतो आणि आपल्याकडे त्याच्या बातम्या कशा येतात तेही बघतो. एक तर "चीनने जगाला हादरवलं" नाहीतर "चीनचं रॉकेट फुस्स", मधलं काही नाहीच. म्हणून ज्यांना स्वतः बघून समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहून ठेवतोय.

सुरुवात नावांपासून. मराठी-हिंदी बातम्यांत एकाच रॉकेटचं नाव चार प्रकारे लिहितात त्यामुळे नावापेक्षा आकडा धरा. लाँग मार्च म्हणजे चिनीत चांगझंग, वेबसाइटवर सीझेड असं दिसेल, पुढचा आकडा महत्त्वाचा. २, ३, ४ ही जुनी पिढी. ५, ६, ७, ८, १२ ही नवी. ११ हे घन इंधनाचं छोटं रॉकेट, ते जहाजावरूनही उडतं. आकड्यापुढे वाय लावून अजून एक नंबर असतो, म्हणजे त्या मॉडेलचं कितवं रॉकेट, लाडबोरीला पडलेला तुकडा ३बी वाय-७७ चा होता असं मॅकडॉवेल म्हणाले होते ते यावरूनच. यानांची नावं मात्र लक्षात ठेवायला सोपी आहेत कारण त्यांच्या पुराणकथांतून घेतलीत: चांग-ई ही चंद्रावरची देवी, युतू म्हणजे तिचा ससा (आपल्याला पण चंद्रावर ससाच दिसतो ना, म्हणून मला ते नाव फार आवडतं), आणि चंद्राच्या पलीकडच्या बाजूशी बोलायला जो रिले उपग्रह ठेवलाय त्याचं नाव क्वेचियाओ, म्हणजे पक्ष्यांनी बांधलेला पूल.

मग जागा. चार मुख्य तळ आहेत. गोबीच्या वाळवंटातलं जिउक्वान, तिथून माणसं उडतात. शांशी प्रांतातलं तैयुआन. सिचुआनच्या डोंगरातलं शिचांग. आणि दक्षिणेला हैनान बेटावरचं वेनचांग, समुद्रकाठचं, मोठी रॉकेटं तिथून. वेनचांगच्या शेजारीच आता व्यावसायिक लाँच साइट आहे, तिथून पहिलं उड्डाण ३० नोव्हेंबर २०२४ ला लाँग मार्च-१२ ने केलं. पहिले तीन तळ समुद्रापासून लांब आहेत हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता वेळ, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. बीजिंग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि ट्रॅकिंगवाल्या साइट यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ देतात, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लघुग्रहावरून नमुने आणायला निघालेलं तियानवेन-२ घ्या. शिचांगहून ते बीजिंगच्या घड्याळाने २९ मे २०२५ ला रात्री १ वाजून ३१ मिनिटांनी उडालं, यूटीसीत ती २८ मे ची संध्याकाळ, ५:३१, आणि आपल्याकडे २८ मे ला रात्री ११:०१. मी त्या दिवशी "२९ तारीख, रात्री दीड" एवढंच वाचून अलार्म लावला होता, उठलो तेव्हा सगळं होऊन अडीच तास झाले होते. तेव्हापासून मी वहीत तिन्ही वेळा लिहितो, आधी यूटीसी, मग बीजिंग, मग आपली. एकाच घटनेच्या दोन बातम्यांत दोन तारखा दिसल्या तर बहुतेक वेळा कारण हेच असतं, कोणी खोटं बोलत नसतं.

लाँच होणार हे आधी कसं कळतं? मोठ्या मोहिमा सोडल्या तर चीन खूपदा तारीख आधी जाहीर करत नाही, पण विमानं आणि जहाजं त्या पट्ट्यात जाऊ नयेत म्हणून सूचना काढावीच लागते. विमानांसाठीच्या सूचनेला नोटॅम म्हणतात आणि ती उघड असते. तिच्यात चार-पाच कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आणि वेळेची खिडकी असते. समजा लिहिलंय एन १८४५ ई १११३०, म्हणजे १८ अंश ४५ मिनिटं उत्तर, १११ अंश ३० मिनिटं पूर्व. नवीन लोक इथे हमखास चुकतात, नकाशावर १८.४५ टाकतात, पण मिनिटांना ६० ने भागायचं असतं त्यामुळे ते १८.७५ होतं. एवढ्याशा फरकाने चौकोन तीसेक किलोमीटर सरकतो. कोपरे टाकून चौकोन काढला की तळापासून त्याच्यापर्यंत पट्टी लावा. जिउक्वान किंवा तैयुआनहून रेषा दक्षिणेकडे गेली तर ध्रुवीय कक्षा, बहुतेक पृथ्वीचे फोटो काढणारे उपग्रह. शिचांगहून पूर्वेकडे गेली तर उंच भूस्थिर कक्षेकडे. वेनचांगहून निघालेले चौकोन समुद्रात पडतात. पहिला चौकोन बूस्टरचा, म्हणजे रॉकेटच्या सगळ्यात आधी सुटून पडणाऱ्या खालच्या भागाचा, पुढचा नाकाच्या टोपीचा किंवा पुढच्या टप्प्याचा. दोन-चार वेळा करून बघा, हात बसतो, आणि बातमी यायच्या आधी तुम्हाला अंदाज आलेला असतो याचा आनंद वेगळाच.

व्हिडिओ आला की धूर आणि ज्वाळेचा रंग बघा. तांबूस-तपकिरी ढग दिसला तर जुनी पिढी, यूडीएमएच हे इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड हे ऑक्सिडायझर, दोन्ही एकमेकांना भिडले की आपोआप पेटतात, ठिणगी लागत नाही, आणि नेहमीच्या तापमानाला साठवून ठेवता येतात म्हणून ते इतकी वर्षं टिकलंय. दोन्ही भयंकर विषारी. आपल्या पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातही याच जातीचं इंधन आहे, पण आपले टप्पे समुद्रात पडतात. चीनचे आतल्या तळांवरून उडालेले बूस्टर जमिनीवर पडतात. २२ जून २०२४ ला शिचांगहून लाँग मार्च-२सी ने फ्रान्स आणि चीनचा मिळून केलेला एसव्हीओएम उपग्रह नेला, काम चोख झालं, पण त्याच दिवशी गावाच्या वर तपकिरी धूर सोडत बूस्टर कोसळतानाचे आणि खाली लोक पळतानाचे व्हिडिओ आले. मला हे बघून खरंच वाईट वाटतं. पळणाऱ्यांत लहान मुलं होती. रॉकेटचं कौतुक करताना हा भाग बाजूला ठेवायचा नाही.

झगझगीत पिवळी ज्वाळा असेल तर केरोसिन, म्हणजे ६, ७, ८, १२. निळसर असेल तर मिथेन. मिथेनवर कक्षेत पोचलेलं जगातलं पहिलं रॉकेट चिनी आहे, लँडस्पेस या खाजगी कंपनीचं झुचुए-२, १२ जुलै २०२३, आणि हे त्यांनी स्पेसएक्सच्या स्टारशिपच्या आधी केलं. ३बी उडताना अजून एक गंमत दिसते: वरच्या भागावरून पांढऱ्या फरशा सुटून पडल्यासारखं होतं आणि लोक कमेंटमधे लिहितात की रॉकेट तुटलं. तुटत नाही. तिसऱ्या टप्प्यात अतिथंड हायड्रोजन असतो, जमिनीवर उभं असताना तो तापू नये म्हणून बाहेरून फोमचे पत्रे लावलेले असतात, उडाल्यावर त्यांचं काम संपतं म्हणून गळून पडतात. पुढच्या वेळी पॉज करून बघा, एकेक पत्रा गोल फिरत खाली येताना दिसतो.

मग "यशस्वी" आणि "अयशस्वी" हे शब्द. सरकारी वृत्तसंस्था शिन्हुआचं ठरलेलं वाक्य असतं, उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचला आणि प्रक्षेपण पूर्ण यशस्वी झालं. हे वाक्य साधारण तासाभरात येतं. नोटॅमची खिडकी उलटून गेली, लोकांनी काढलेले लाँचचे व्हिडिओ फिरतायत आणि हे वाक्य काही येत नाही, तर काहीतरी बिनसलंय असं समजायला हरकत नाही, नंतर "उड्डाणात असामान्य स्थिती" अशी छोटीशी ओळ येते. याओगान नावाचे उपग्रह असतील तर उद्देश म्हणून पिकांचा अंदाज, जमिनीची पाहणी, आपत्ती निवारण असं दरवेळी तेच लिहिलेलं असतं, बाहेरचे अभ्यासक त्यांना लष्करी टेहळणीचे मानतात.

परत उतरणाऱ्या रॉकेटची बातमी असेल तर दोन प्रश्न वेगळे ठेवा: माल कक्षेत गेला का? आणि पहिला टप्पा उतरला का? ३ डिसेंबर २०२५ ला, आपल्या सकाळी साडेनऊला, जिउक्वानहून झुचुए-३ पहिल्यांदा उडालं. स्टेनलेस स्टीलचं, मिथेनवर चालणारं, पहिल्या टप्प्याला नऊ इंजिनं. दुसरा टप्पा कक्षेत पोचला. पहिला टप्पा परत आला, उतरायच्या जागेच्या अगदी जवळ आला आणि शेवटच्या ब्रेकच्या वेळी पेट घेऊन आदळला. काहींनी "फेल" लिहिलं, काहींनी "ऐतिहासिक यश" लिहिलं, आणि दोघांचंही अर्धं बरोबर होतं. त्याच महिन्यात २३ तारखेला सरकारी लाँग मार्च-१२ए चं पण तसंच झालं, कक्षा मिळाली पण बूस्टर वाचला नाही. पहिल्याच उड्डाणात कक्षा गाठणं ही किती अवघड गोष्ट आहे हे ज्याला माहितीय तो याला फुस्स म्हणणार नाही. स्पेसएक्सच्या फॅल्कन-९ चा पण पहिला टप्पा पहिल्या उड्डाणात उतरला नव्हता, २०१० मधे ते पहिल्यांदा उडालं आणि जमिनीवर नीट उतरायला डिसेंबर २०१५ उजाडला.

आकाशातून काही येताना दिसलं तर काय करायचं हे आपल्या विदर्भातल्या आणि खानदेशातल्या लोकांनी तरी नीट वाचा, कारण हे परत होऊ शकतं. उल्का दोन-तीन सेकंदात संपते. रॉकेटचा तुकडा अर्धा-एक मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ आकाश ओलांडतो आणि त्याचे बरेच तुकडे होऊन एकाच दिशेने समांतर जातात. दिसलं की पहिल्यांदा वेळ सेकंदासकट लिहा, कुठून कुठे गेलं ते एखाद्या झाडाच्या, टॉवरच्या, ताऱ्याच्या खुणेने लिहा, मग व्हिडिओ, आणि व्हिडिओत जमिनीवरची एखादी ओळखीची गोष्ट येऊ द्या, नुसतं काळं आकाश कुणाच्या कामाचं नाही. शेतात तुकडा सापडला तर हात लावू नका. जळून आलाय म्हणजे स्वच्छ झाला असं नाही, टाकीत इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो, गोळे असतात ते बहुतेक दाबाखालच्या वायूच्या टाक्या असतात. पोरांना लांब ठेवा, दुरून फोटो काढा, मापासाठी शेजारी काठी टाका, आणि पोलीस पाटील, ठाणं किंवा तहसीलला कळवा. घरी नेऊ नका आणि भंगारात तर अजिबात विकू नका. आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे तो तुकडा ज्या देशाने सोडला त्याच्याच मालकीचा राहतो, आणि त्याने नुकसान केलं तर भरपाई पण त्याच देशाने द्यायची, १९७२ चा करारच आहे तसा. १९७८ मधे सोव्हिएतचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ कॅनडात पडला तेव्हा त्यांनी ३० लाख कॅनेडियन डॉलर दिलेही होते. म्हणून नुकसान झालं तर पंचनामा करून घ्या.

मोठा तुकडा येणार असेल तर त्याची चर्चा काही दिवस आधीच सुरू होते. लाँग मार्च-५बी चा मुख्य भाग वीस टनांच्या वर, त्या रॉकेटला दुसरा टप्पा नसल्यामुळे तोच स्वतः कक्षेत जायचा आणि मग स्वतःच्या मर्जीने खाली यायचा. मे २०२१ मधे तो मालदीवजवळ समुद्रात पडला. शेवटच्या दिवसापर्यंत कुठे पडेल ते नेमकं सांगता येत नाही कारण वरच्या हवेची घनता सूर्याप्रमाणे बदलत असते आणि तो सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास जात असतो, अर्ध्या तासाची चूक म्हणजे पृथ्वीचा एक तृतीयांश फेरा. म्हणून "अमुक शहरावर पडणार" असं दोन दिवस आधी सांगणारा मेसेज आला तर पुढे पाठवू नका.

आता चंद्राची माती, जिथे आकडे फार फसवतात. त्यासाठी मी चार पायऱ्या धरतो. पहिली, पृथ्वीवर बनवलेल्या नकली मातीवर प्रयोग. दुसरी, खऱ्या आणलेल्या मातीवर प्रयोग. तिसरी, कक्षेत प्रयोग. चौथी, चंद्रावर जाऊन करून दाखवणं. बातमी वाचली की विचारायचं, ही कितव्या पायरीवरची?

खरी माती चीनकडे आहे आणि ती मिळवणं हे मोठं काम होतं. चांग-ई-५ ने डिसेंबर २०२० मधे १७३१ ग्रॅम आणली, १९७६ च्या सोव्हिएत लुना-२४ नंतर पहिल्यांदाच कुणी चंद्रावरून काही आणलं. चांग-ई-६ ने जून २०२४ मधे चंद्राच्या पलीकडच्या बाजूची १९३५.३ ग्रॅम आणली, तिथली माती त्याआधी कुणाच्याच हाताला लागली नव्हती. ऑगस्ट २०२४ मधे चिनी शास्त्रज्ञांनी चांग-ई-५ च्या मातीवरचा प्रयोग छापला: ती ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवली तर एका ग्रॅममधून ५१ ते ७६ मिलिग्रॅम पाणी निघतं. बातम्यांत आलं "एका टनातून ५० किलोपेक्षा जास्त पाणी". गणित बरोबर आहे. पण सगळ्या शास्त्रज्ञांमधे वाटायला मिळून आणलेली माती पावणेदोन किलो, तेव्हा टन हा गुणाकार आहे, प्रयोग ग्रॅममधला आहे. आणि ते पाणी मातीत पाणी म्हणून साठलेलं नसतं. सूर्याकडून येणारा हायड्रोजन अब्जावधी वर्षं त्या कणांत मुरलेला असतो, तापवला की तो लोहाच्या ऑक्साइडशी जुळतो आणि पाणी तयार होतं. हायड्रोजन सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते इल्मेनाइट. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळी वाळू पाहिली असेल, हातात घेतली की नेहमीच्या वाळूपेक्षा जड लागते, तिच्यात हेच इल्मेनाइट असतं. फक्त आपल्याकडे त्याच्यावर सौरवारा पोचत नाही, हवा आणि चुंबकीय क्षेत्र मधे आहे. तर ही बातमी दुसऱ्या पायरीवरची, भक्कम, पण दुसऱ्याच.

विटांचं बघा. वुहानच्या हुआझोंग विद्यापीठाने चंद्राच्या मातीसारख्या बनवलेल्या मिश्रणाच्या विटा नोव्हेंबर २०२४ मधे तियानझोऊ-८ मालवाहू यानाने तियानगोंग अंतराळस्थानकात पाठवल्या, बाहेर उघड्यावर ठेवून ऊन, किरणं, तापमानाचे झटके सोसतात का बघायला. माती नकली पण जागा खरी, म्हणजे पहिली आणि तिसरी पायरी एकत्र. हफेईच्या प्रयोगशाळेने तर मोठ्या आरशाने सूर्यप्रकाश गोळा करून ऑप्टिकल फायबरमधून नेऊन १३०० अंशांच्या वर माती वितळवणारं यंत्र केलंय, पाणी नको, सिमेंट नको, नुसती माती आणि ऊन. मला यातली ही कल्पना सगळ्यात आवडते. पण ती जमिनीवर चालतेय, पायरी पहिली.

आणि हीलियम-३, म्हणजे अणू एकमेकांत जुळवून (फ्युजन) वीज करायचं इंधन म्हणून ज्याचं नाव घेतात तो वायू. "चंद्रावर दहा हजार वर्षांची वीज" असं काहीतरी दर सहा महिन्यांनी येतं. मातीत त्याचं प्रमाण अब्जात दहाएक भाग धरा. म्हणजे एक टन मातीत १० मिलिग्रॅम. एक किलो हवा तर एक लाख टन माती उकरून तापवायची, आणि ते वापरून वीज देणारी फ्युजनची भट्टी पृथ्वीवर कुठेही चालू नाही. चीनला चांग-ई-५ च्या मातीत चांगेसाइट-वाय नावाचं नवं खनिज सापडलं, सप्टेंबर २०२२ मधे जाहीर केलं, ते शोधणं खरंच कमालीचं होतं, १ लाख ४० हजारांवर कणांतून एक स्फटिक वेगळा काढला, त्रिज्या साधारण १० मायक्रॉन, डोळ्याला दिसणारही नाही. आपल्याकडच्या कित्येक बातम्यांनी त्या स्फटिकाला इंधनाची खाण करून टाकलं, आणि त्या शोधामागची मेहनत कुणाला दिसलीच नाही.

पुढच्या बातम्यांसाठी वहीत दोन नावं आत्ताच लिहून ठेवा. चांग-ई-७, २०२६ साठी ठरलेलं, दक्षिण ध्रुवाकडे, सोबत उडी मारून कायम अंधारात असलेल्या खड्ड्यात जाणारं छोटं यंत्र, बर्फ शोधायला. शोधायला, उपसायला नाही, "चीनने चंद्रावर पाणी काढलं" असं कुणी लिहिलं तर हा फरक बघा. आणि चांग-ई-८, २०२८-२९ च्या सुमारास, तिथलीच माती वापरून वस्तू बनवायचा प्रयोग घेऊन जाणार आहे. त्याच्या बातमीत वीट किती मोठी झाली यापेक्षा ती कुठल्या मातीची आणि कुठे भाजली हे आधी शोधा, चंद्राची माती चंद्रावरच भाजली असेल तर वहीत चौथ्या पायरीपुढे पहिल्यांदा तारीख लिहायची, तिन्ही वेळांसकट.